एक सूत अलीकडे

असू दे, कधीतरी लागेल,
असं म्हणत म्हणत आमच्या घरातले तीन माळे भरले.
म्हणून आधी नुसता पाना लावून पाहिला.
काही फ्रेमवर हे खुंट आट्यांचे असतात,
फिरवले की सुटतात, डबीत टाकून ठेवता येतात.
माझे वेल्ड केलेले निघाले.

चाळीस पौंडांची सायकल,
रॉदरहॅमच्या एका पोराकडून घेतलेली.
ब्रेक डिस्कचे, त्याबद्दल तक्रार नाही.
पण सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या
दोन नळ्यांवर दोन खुंट तसेच होते,
कुठल्या तरी जुन्या रबरी ब्रेकची वाट बघत.
वॉकलीच्या चढाला मी खाली उतरते, कुणीही उतरेल,
सायकल ढकलत नेते,
आणि डावा खुंट गुडघ्याच्या वर टोचत राहतो
थेट पोस्टाच्या पेटीपर्यंत.
ड्यूटीच्या दोन पँटी गेल्या.

शेजारच्या मॉरीन हॅटर्सली कुंपणावरून बघत होत्या.
आत गेल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली कानस घेऊन आल्या.
वडिलांची, म्हणाल्या. शेफील्डात जन्मभर
कानशींना दात पाडत बसले,
त्यांचे स्वतःचे पन्नाशीतच पडले.
आणि हसल्या.
मी हसावं की नाही, कळेना.

करवतीने खुंटाचं डोकं चार मिनिटांत उडालं.
खरं काम त्यानंतर.
कानस पाच-सहा वेळा फिरली असेल
आणि तिच्या दातांत काहीतरी चिकटून बसलं,
ओल्या पिठासारखं हट्टी.
ब्रशने निघेना, सुईने निघेना.
फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला,
कुपवाडला व्हिडिओ लावला.

तीस वर्षं लेथवर.
बाबांना आता फोन ऐकू येत नाही,
ते फोन बघतात.
बघितलं. खडू! म्हणाले,
ओरडूनच, त्यांना वाटतं बहिरे आपण आहोत.
कानशीला खडू चोळ गं, मग दात भरत नाहीत.
तेव्हा आठवलं, सुट्टीत शेडवर गेले की
मला एवढंच काम असायचं:
खडू धरून उभं राहायचं.
दादाला मशीनवर घ्यायचे.

मॉरीनची नात फुटपाथवर ठिकरीची घरं आखत होती.
तिच्याकडून निळा तुकडा मागून आणला.
निळी कानस, चंदेरी भुकटी.
पुढे दाब, मागे उचल.
रस्त्यावरून जाणारा एक जण थांबून म्हणाला,
ग्राइंडर लाव की, दोन मिनिटांत होईल.
मी ते कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं.
बाबांनी हात झटकला.
तापवू नकोस. लोखंड लाल होऊन सांगतं तरी.
हे सांगत नाही. सरळ बसतं.

मी दिवसभर हाडांचे एक्स-रे काढते.
घासता घासता वेल्डची कड उघडी पडली
आणि ओळखीची वाटली,
मोडून जुळलेल्या मनगटाभोवती
शरीर जादा माल ओततं, तशी गाठ.
लोक विचारतात, ही काढता येईल का?
मी म्हणते, डॉक्टर सांगतील.

थांब, बाबा म्हणाले.
अजून दिसतंय, मी बोटाने दाखवलं.
एक सूत अलीकडे थांब.
खाली नळी आहे. तिची जाडी तुला ठाऊक आहे?
नाही.
मला पण नाही. मग थांब.
आणि फोन तसाच चालू ठेवून चहा प्यायला गेले.
बराच वेळ मला कुपवाडचा पंखा दिसत होता.

उजव्या खुंटाला हात लावला नाही.
अंधार पडायला लागला होता,
आणि तो काही मला टोचत नव्हता.
उरलेल्या चकतीवर पॉलिश पेपर फिरवला,
वर काळ्या नेलपॉलिशचे दोन हात दिले.
कानस पुसून परत केली. दातांत थोडा निळा राहिलाच.

सोमवारी चढाला उतरले.
टोचायला काही नव्हतं,
तरी पाय आपला आपण
जरा बाजूने चालत राहिला
थेट पोस्टाच्या पेटीपर्यंत.