आडवी रेघ

सकाळी सातला सोहारच्या दवाखान्यात
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं,
मी नळ्यांना लेबलं लावत असते.
नाव, जन्मतारीख, मग एक चौकोन: वंश.
अरब. आफ्रिकी. दक्षिण आशियाई. इतर.
एकच निवडायचा,
नाहीतर संगणक पुढे सरकत नाही.

सुआदबाईंची आजी झांझिबारची.
घरात स्वाहिली, नमाजाला अरबी,
नवरा बलुच, त्याचं आजोळ सिंधी.
चौकोनाकडे बघून त्या जांभई देतात,
"तूच टाक काहीतरी. मागल्या वेळी काय टाकलंस?"
मागल्या वेळी 'इतर'. त्याआधी 'अरब'.
रक्त दोन्ही खेपेला तेच होतं,
जरा घट्ट,
पाणी कमी पितात म्हणून.

आज ग़ालिया आली.
लग्नाआधीची तपासणी, नखांवर जुनी मेंदी.
शीर सापडेना, तिची मूठ मी हातात धरून बसले.
"हिंदमध्ये कुठली तू?"
चंद्रपूर, नागभीडच्या पुढं, हे काय सांगायचं?
म्हटलं, समुद्रापासून लांबची.
"आमचं अगदी शुद्ध," ती सहज म्हणाली,
"चौदा पिढ्या पाठ आहेत आजोबांना."
मला चौथीसुद्धा ठाऊक नाही.
आमच्याकडे नावं लिहिणारे दुसरेच होते,
आणि ते आमची लिहीत नसत.

यंत्र रक्त पितं, आलेख काढतं.
साडेचार मिनिटांपाशी
एक शिखर वर आलं.
मी ओळखते त्याला.
माझ्या रक्तात एवढंच आहे,
प्रबोधच्या रक्तात आभाळाएवढं होतं.
सोळा वर्षांचा. नागपूरच्या मेडिकलमध्ये, खाटेच्या गजाला धरून,
"हाडाइत कोनी इळा चालवून राह्यलं, ताई."
तेव्हा मला माहीत नव्हतं
की पेशीही इळ्यासारखीच वाकते.

गावात म्हणायचे, हा त्या लोकांचा रोग.
त्या लोकांचा. आणि बोट आमच्या वस्तीकडे.
डासाला काय कळते वस्ती!
मामा तलावाच्या काठी कुणी राहायचं
आणि कुणी कुणाची पोरगी करायची नाही,
हे आखणारे दोन पायांचे होते.
डास बिचारा मिळेल ते प्यायला,
आणि हिवतापातून जे वाचले
ते थोडा थोडा इळा घेऊन वाचले.
इथंही फलजच्या पाण्यावर
खजुराच्या सावलीत
हेच झालं असणार.

दुपारी सुदानच्या डॉक्टर इल्हामनी
आपल्या अभ्यासाचा कागद पुढं सरकवला.
अधिक, अधिक, वजा, अधिक, अधिक.
"हे या किनाऱ्यावरच्यांचं. आणि हे तुझ्या जिल्ह्यातल्यांचं."
मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
"तुझ्या भावाची तपासणी झाली असती
तर बहुतेक हेच निघालं असतं."
शास्त्रात त्याला नाव आहे: अरब-भारतीय.
मधल्या आडव्या रेघेवर माझं बोट थांबलं.

केवढीशी रेघ. समुद्र मावलाय तीत.
कोण ओलांडून गेलं असेल?
पोत्यांवर झोपलेला खलाशाचा पोरगा?
कुणी विकत घेतलेली बाई?
"इकडून तिकडे की तिकडून इकडे?"
"ते अजून नक्की नाही," त्या म्हणाल्या,
आणि चहात तिसरी साखर घातली.
ग़ालियाच्या आजोबांना पाठ असलेल्या चौदांत
ते माणूस नसणार.
आमच्याकडे तर यादीच नाही,
म्हणजे जागा तरी शिल्लक आहे.

ग़ालियाचा चौकोन मी अजून भरलेला नाही.
संगणक लाल अक्षरांत आठवण करतोय.
तिच्या होणाऱ्या नवऱ्याची नळी रांगेत आहे,
मुहन्नद, सव्वीस वर्षं,
बाहेर बाकावर बसून मोबाइलवर फुटबॉल बघतोय.
सहा मिनिटं लागतात.
दोन गेली.
मी पडद्यासमोर उभी,
ज्या देवांना आम्ही सोडून आलो त्यांना नाही,
यंत्रालाच म्हणते आहे:
साडेचारपाशी काही उगवू नको,
एक आडवी रेघ येऊ दे नुसती.