चेसीवरचा पट्टा

दस्तगीर गाडीखाली गेला की फक्त त्याच्या चपला बोलतात.
उजवी हलली, काहीतरी सापडलं.
दोन्ही गप्प, काहीतरी महाग सापडलं.

फुरसुंगीला, सासवड रस्त्याच्या कडेला
पत्र्याच्या शेडमध्ये मी उपड्या क्रेटवर बसलेय.
मांडीवर त्याच्या भाचीच्या लग्नाची उरलेली पत्रिका,
मागच्या कोऱ्या बाजूवर तो सांगेल ते लिहायचं.

लिहा ताई.
क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग, धरा अकरा हजार.
इंजेक्टर चार. दोन धुऊन निघतील, दोन गेलेत.
टर्बो तेल पितोय. नाना पेठेत जुना बघतो,
नव्याचा भाव सांगत नाही, तुम्ही क्रेटवरून पडाल.
मागचा मेन पाटा तुटलाय, तो तारेनं बांधलाय.
रेडिएटरला एमसील लावून पुढचं देवावर सोडलंय.

मी लिहिते. अकरा, सात, एकोणीस, अडीच.
हातचा घेताना पेन अडतं.

मीटरवर ब्याऐंशी हजार किलोमीटर आहेत.
मीटरचं काय, दस्तगीर खालून म्हणतो,
तो एजंटाच्या शब्दाबाहेर नसतो.
पेडल बघा.

क्लचच्या पेडलचं रबर डाव्या कडेनं
पार झिजून आतलं लोखंड चकाकतंय.
कुणीतरी वर्षानुवर्षं तिथं पाय टेकवून बसला होता,
सिग्नलला, दिवेघाटाच्या उतारावर, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा,
जसा एखादा माणूस घरी जेवतानाही
चपला पायातच ठेवतो.

तीन लाख दहा हजार मोजले मी.
मांजरीहून बाणेरला रोपं पोचवायची,
कुंड्या, लाल माती, शेणखत, कधी दहा फुटी पाम.
रोप घेताना मी पिशवी फाडून मूळ बघते,
सगळ्यांना सांगते, पानांवर जाऊ नका.
गाडीचा मात्र रंग बघितला.
पांढरा होता. नवा होता.
तेव्हाच कळायला हवं होतं.

आता चपला बराच वेळ हललेल्या नाहीत.
शेजारच्या टपरीवरून चहा आला, त्यावर साय धरली.

मग तो बाहेर आला, हात पुसत राहिला.
पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

चेसीला पट्टा मारलाय, म्हणाला.
वेल्डिंग माझं आहे.

कशावरून?
शेवटाला मी अशी शेपटी वळवतो.
भोसरीच्या उस्तादानं शिकवलेलं, दुसरा कुणी वळवत नाही.
तेव्हा ही वाळूवर होती, निळी होती.
दीड टनाच्या पाठीवर तीन टन. मधोमध मोडली.
मी म्हटलं, भंगारात द्या.
मालक म्हणाला, विकेपर्यंत टिकव.
टिकवली.

पट्टा लपवायला वर काळा रंग मारलाय, तो माझा नाही.
एक घोट चहा.
डबा माझा होता.

मी काय बोलणार?
गेल्या मार्चमध्ये वाळवी लागलेले चाळीस मोगरे
पाणी मारून, पानं पुसून,
वानवडीच्या एका सोसायटीला मी दिलेच होते.
सेक्रेटरीबाई हसून म्हणाल्या होत्या, किती टवटवीत.

पत्रिकेवर लिहिलं, चेसी.
पुढे आकडा विचारला. तो काही बोलला नाही.
जागा कोरी ठेवली.
कागदाला उलट्या बाजूनं मुहूर्ताची सोनेरी अक्षरं
तेवढ्याच जागी उमटून आली होती, वाचता येत नव्हती.

त्यानं मशीन ओढलं, काच डोळ्यांवर घेतली,
मग परत वर केली.

ताई, विकायची आहे का चालवायची आहे?

चालवायची.

मग हे सगळं कापून काढावं लागेल, तो म्हणाला,
आणि स्वतःची शेपटी शोधत
पुन्हा खाली गेला.