दाब

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एलिओदोरो बार्रिया चेनसॉ घेऊन आले,
पोत्यात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली,
वाटेत पळून जाईल म्हणून जणू.
"तापली की मरते," म्हणाले. "निवली की पुन्हा जिवंत."
कोयाइकेत या दिवसांत
सगळ्यांच्याच करवतींना असं काहीतरी होतं.
डोंगरावरचे न्यिरे तांबडे झाले
की माझ्या बाकावर जागा उरत नाही.

दोरीची मूठ धरून मी ती हवेत लटकवली.
चांगलं इंजिन अडून बसतं,
हिसक्याहिसक्यानं, नाखुशीनं खाली येतं.
ही सरळ उतरली,
विहिरीत बादली सोडावी तशी.

गेज लावलं: पंच्याण्णव पाउंड.
पुन्हा ओढलं. पुन्हा पंच्याण्णव.
सायलेन्सर काढून भोकातून बॅटरी मारली:
पिस्टनवर उभे ओरखडे,
रात्रभर दार न उघडलेल्या मांजराचे असावेत तसे.
नख फिरवलं. अडकलं.
नख अडकलं की माझे वडील काही बोलायचे नाहीत,
नुसते हात पुसायचे.

मग हिशेब, मागच्या महिन्याच्या पानामागे.
डावीकडे सिलिंडर, पिस्टन, रिंगा,
क्रँकचे सील (हवा तिथूनच शिरत होती),
बेअरिंगही बोटाला हललेलं जाणवतंय, म्हणजे तेही,
आणि माझी मजुरी, धरली तर.
अस्सल माल सान्तियागोहून यायला पंधरा दिवस.
नकली परवा मिळेल, पण त्याची हमी मी देत नाही.
उजवीकडे एकच आकडा: नवी.
दोन्हींत फरक एका मेंढीचा.
"माझं ऐका, नवी घ्या."
हे वाक्य मला परवडत नाही. तरी म्हणाले.

ते आकड्यांकडे बघतच नव्हते.
भिंतीवरच्या नव्या करवतीपाशी गेले,
खाली काढली, पायाखाली दाबली, दोरी ओढली.
वीतभर आली आणि थांबली.
त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी येतंय का,
एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं, पुन्हा ओढली.
वीतभर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
चाळीस वर्षं थरथरती मूठ धरून
थंडीत पांढरी पडणारी ती बोटं,
गेल्या हिवाळ्यापासून वर न जाणारा खांदा,
आणि ही करवत, दम गेलेली,
दरसाल पाच-पाच पाउंडांनी मऊ होत
त्यांच्या चालीनं चाललेली.
मी तिला एकशे साठ पाउंडांची तरणीताठी करून दिली असती
आणि त्यांना ती सुरूच करता आली नसती.

"दुरुस्त केलीस," दोरी अलगद आत जाऊ देत ते म्हणाले,
"तर अशीच ओढली जाईल ना, मिरेया?"

खोटं बोलता आलं असतं.
बटणवाल्या सिलिंडरचं सांगितलं:
वर एक झडप असते, दाबली की दाब सुटतो,
पहिल्या स्फोटाला आपली आपण मिटते.
"आणि दाबायचं विसरलो तर?"
"तर खांदा आठवण करून देईल."
ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

मातेचा पेला दोनदा फिरला. मग म्हणाले,
बटणवालं बसव. बाकी आहे तसं.
मुठीवरची सायकलची ट्यूब काढू नकोस.

"पंधरा दिवस? घरी आठ घनमीटर लाकूड पडलंय."
"तोवर माझी न्या," म्हणाले, आणि जीभ चावली.

म्हणून संध्याकाळी दुकान लावून
मीच त्यांच्या फाटकापाशी जाते.
दोरी मी ओढते,
ब्रेक लावून, चालू करवत त्यांच्या हातात देते,
आणि ते काहीच घडलं नसल्यासारखे
ओंडक्याकडे वळतात.