शिवण

गिऱ्हाणमा काय चिरं व्हतं वं?
मोठ्या नणंदेनं विचारलं,
सावद्याच्या दवाखान्यात, सगळ्यांदेखत.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
आधी डोळे कानशिलांकडे, माशासारखे,
कान पार मानेशी,
मग दोन्हीकडून गाल निघतात
नाकाखाली भेटायला.
एक पोचला नाही.

कितव्या आठवड्यात?
सहाव्या. फार तर सातव्या.

तेव्हा मला तुझी खबरही नव्हती, बाळा.
केळीच्या पॅकिंगला खोकी मोजत होते,
तोंडाला चव नाही म्हणून
कुणाची तरी कैरी मागून खाल्ली.
ग्रहण तर आठव्या महिन्यातलं,
आणि विळीला मी शिवलेही नव्हते.

वाटी-चमच्यानं दूध पाजते.
मधेच नाकाखालची माझी पन्हळ
बोटानं चाचपते,
इथंच कधीतरी मीही
जोडली गेले.

नणंदेलाही आहे ती.