हवापालट

कुडचड्यात सगळंच थोडं तांबूस असतं,
बाजारातल्या ताडपत्र्या, शाळेच्या खिडक्यांचे गज,
आणि हा खोका.
झाकणाचे स्क्रू काढले
तर आत खाणीच्या ट्रकांची कितीतरी वर्षं बसलेली.

फ्लाविओ लग्नांचे व्हिडिओ जोडतो.
"नवरी चर्चच्या पायऱ्या उतरते, बाई,
आणि तिसऱ्या पायरीवर सगळं बंद."
मे महिना. प्रोसेसर ब्याण्णव अंशांवर.
त्याने एक बाजू उघडी टाकून
समोर टेबलफॅन लावून पाहिलेला,
तापल्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसा.

मी आधी पंख्यांची तोंडं बघते.
पंख्याला पुढचं-मागचं असतं.
ज्या अंगाला चौकटीचे आडवे हात दिसतात
त्या अंगाने वारा बाहेर पडतो.
इथे तीन पंखे. तिघेही आत फुंकतायत.
समोरून, वरून, पाठीकडून.
तिघं वक्ते, ऐकणारा एकही नाही.
वायरींचा झुबका तर
नेमका ग्राफिक्स कार्डाच्या तोंडावर.

दारात सायकल लावून त्याचा बाप उभा, कायतान पदेर,
टोपलीत संध्याकाळचे पाव, वर निळं प्लास्टिक.
वाकला. बोट जिभेला लावलं,
खोक्याच्या पाठीशी धरलं.
"वारें भितर सरता," म्हणाला,
"पूण भायर खंयच्यान सरतलें?"

भट्टीपुढे चाळीस वर्षं.
गरम हवा वर जाते
हे त्याला कुणी फळ्यावर लिहून दाखवलेलं नाही.

मागचा पंखा उलटा केला. वरचाही.
समोरचा ठेवला तसाच.
वायरी पत्र्याच्या पाठीमागून ओढून बांधल्या.
जुनी पेस्ट वाळून खडू झालेली, स्पिरिटने पुसली,
नवी लावली, उकड्या तांदळाच्या शितापेक्षा कमी.
कायतान म्हणाला, समोर चाळणीची जाळी लाव,
माझ्याकडे आहे, मैद्याची.
म्हटलं, एवढी बारीक नको, वाराच अडेल.
तो जरा दुखावला.
मग सायकल फिरवून घरी गेला
आणि रव्याची घेऊन आला.

दुकानातल्या देवापुढची उदबत्ती उचलली,
समोर धरली.
धूर एकदा घुटमळला,
मग सरळ आत,
आणि वरच्या जाळीतून
बाहेर आला, बारीक, निळसर, न घाबरता.
तिघंही बघत राहिलो.
पावांचं कुणाला भान नव्हतं,
बाहेर दोन बायका खोळंबलेल्या.

एकाहत्तर अंश.
नवरी तिसरी पायरी उतरली, चौथी,
बुकेतलं एक फूल गळलं, तेही दिसलं.

कायतान उठला.
"माडयेवयल्या जनेलाक कपाट लायलां आमी," पुटपुटला,
"तें हालोवंक जाय."
मला दोन पोळे दिले, पैसे घेतले नाहीत.
लांबपर्यंत त्याचा भोंगा ऐकू येत होता.

गुरुवारी फ्लाविओने जाळी काढून आणली.
मी ती पायरीवर आपटली.
तांबूस.