शंभर गाठींचं वजन

किलोमागे दीड युरो घेतो मी.
नेआम्त्सच्या डोंगरातून थेट स्पेनात वेल्वापर्यंत,
जवळजवळ चार हजार किलोमीटर:
डुकराची चरबी, आलुबुखारांचा मुरंबा, लोकरीचे मोजे,
एकदा तर जिवंत कोंबडा,
तो हंगेरीतच आरवून आरवून थकला.

सावेताबाईनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं.
ताणकाट्याला लावलं. काटा हललाच नाही.
"याचे काय घेशील?"
"याचे काय घेणार! आहे काय?"
"गाठी," म्हणाली. "शंभर."

बाकीचं मला पुढं कळलं, खेपेखेपेला थोडं थोडं.
मठातल्या एवलाम्पिया माइकाकडं ती पैसे घेऊन गेली होती.
(आमच्याकडं साध्वीला माइका म्हणतात, म्हणजे आईच.)
लेकाला जपाची दोरी हवी, काळ्या लोकरीची;
तिकडं स्ट्रॉबेरीच्या मळ्यात
त्याच्या गाठीला काही म्हणजे काही नाही.
माइकानं पैसे परत केले, लोकर दिली.
"लेक तुझा. गाठ तू मार."

साधी गाठ नव्हे ती.
धागा बोटांवर आडवा, उभा, परत आडवा,
एका गाठीच्या पोटात नऊ क्रूस.
कुणा जुन्या बाबाच्या गाठी म्हणे
सैतान रात्री येऊन सोडून ठेवायचा,
मग अशी बांधली की त्याचीच नखं अडकली.
सुरगाठ नाही, निरगाठ.
आणि दर गाठीला एकदा म्हणायचं:
प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, दया कर, मी पापी.
म्हटल्याशिवाय आवळायची नाही.

गाईच्या सडांना सरावलेली तिची बोटं
अख्खा हिवाळा त्या धाग्यात धडपडली.
एकसष्टाव्या गाठीला बाहेर गाडी वाजली.
तिला वाटलं, इलारिए आला.
दाराशी गेली. बर्फ होतं,
आणि गाडी खालच्या आळीतल्या कुणाची.
परत बसली, तर धागा कुठून कुठं कळेना,
आणि ओठांवर जप नव्हताच, लेकाचं नाव होतं.
तरी आवळली.
जोंधळ्यांत एक वाटाणा, तशी झाली.

रडत रडत माइकाला दाखवली.
माइकानं चष्मा लावला नाही, नुसत्या अंगठ्यानं चाचपली.
"सुटायची नाही आता," एवढंच म्हणाली
आणि बासष्टावीचा धागा तिच्या बोटावर चढवला.

वेल्वाच्या बसथांब्यामागं मी ती इलारिएला दिली.
आधी त्यानं मुरंबा हुंगला, मग कागद उघडला.
"मी कुठं जप करतो?"
माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पाठवली.

मे महिन्यात पुन्हा भेटला.
दोरी कमरेच्या पट्ट्याला, रसानं चिकट, मातीनं ताठ.
"पेट्या मोजतो," म्हणाला. "मुकादम चोर आहे.
एक पेटी, एक गाठ.
तो म्हणतो अठ्ठ्याऐंशी, मी म्हणतो शंभर, ही बघ.
आता गाठ माझ्याशी आहे!"
हसला. मग अंगठा थांबला.
"ही एक जाड का रे?
इथं आलो की दरवेळी अडतो.
घरी फोन करायचा राहिलाय, असं काहीतरी वाटतं.
मग पुढची पेटी येते."

हे मी सावेताबाईला सांगितलं,
तिनं घाबरून माइकाला.
देवाच्या दोरीवर पेट्या! पाप लागेल ना?
माइका दातानं धागा तोडत होती.
तोंडातला तुकडा काढला आणि विचारलं,
"मजुरी पुरती मिळाली का त्याला?"

परवा निघताना सावेताबाईनं मोजे आणले.
सातशे ग्रॅम. मी पैसे घेतले.
त्या दोरीचे मात्र कुणाकडून तरी घ्यायचे,
नाहीतर कुणाला तरी द्यायचे राहिलेत,
असं फ्रान्सात, पहाटे, डोळे मिटायला लागले की वाटतं.
स्टिअरिंगच्या रबरावर शिवण आहे.
शिवणीत एके जागी उंचवटा.
अंगठा जातो तिथं.
म्हणायला मला काही येत नाही.