हवेवरची हत्यारं

उद्यमनगरात, मगदुमांच्या दुकानात,
शांतिनाथनं काउंटर फडक्यानं पुसला
आणि तीन डाय ग्राइंडर माझ्यापुढं ठेवले.
एक जपानी, डबा उघडताच नव्या रबराचा वास.
एक तैवानी, लाल, जरा जास्तच लाल.
एक राजकोटचा, नाव 'बलभीम',
पितळी पट्टीवर अक्षरं तिरकी,
शिकाऊ पोरानं ठोकावीत तशी.

"काका, बजेट बोला," तो म्हणाला.
मी बजेट बोललो.
त्यानं जपानी डबा हळूच मिटला.

तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
फेटलिंगला होतो मी.
तिथं हवा भिंतीतून यायची,
निळ्या पाइपातनं, पहिल्या भोंग्यापासून.
कंपनीची हवा, कंपनीचं हत्यार,
कुठल्या मेकचं, कुणी विचारलं नाही.
छन्नी अडली की दस्तगीर मुल्लाणी
तिच्या तोंडात दोन थेंब तेल सोडायचा
आणि म्हणायचा,
"आधी हिला पाज, मग तू च्या पी."
एवढंच माझं शिक्षण.

आता पाचगावात घरामागं दहा बाय बारा पत्र्याची शेड,
एक व्हाइस, एक बाकडं,
कोपऱ्यात सुलूची शिलाई मशीन, ती हलायची नाही.
हवा आता आपली आपण भरायची,
घरच्या मीटरवर.
दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर किती घनफूट देतो
आणि हत्यार किती पितं,
हा हिशेब लाइट बिलाच्या पाठीवर तीनदा केला.
तिन्ही वेळा टाकी कमी पडली.

सुलू म्हणाली, "कुणाचं काय घासायचंय एवढं?"
म्हटलं, बघू.
खरं तर मलाही ठाऊक नाही.
सकाळी सात वाजले
की हात कुठं ठेवायचे कळत नाही.

शांतिनाथ फेऱ्यांचे आकडे सांगत होता,
बावीस हजार, पंचवीस हजार.
"लालाचा आवाज बघा किती कमी हाय, ऐका."
ऐकले. मला सगळे सारखेच.
उजवा कान फौंड्रीत राहिलाय,
डाव्याला बाहेर उभा ट्रॅक्टर पुरतो.

मग म्हटलं, नळी जोड,
हातात दे एकेक.
ह्याचा कपलर त्याला बसेना,
त्याचा ह्याला,
शांतिनाथनं आटे जुळवता जुळवता
टेफलॉनचं अर्धं रीळ संपवलं.

लाल मनगटात चावला.
बलभीम कोपरापर्यंत चढला, खांद्यावर बसला,
जुना दोस्त बसतो तसा, न विचारता.
ओळखीचा होता त्याचा हिसका.
तोच घेणार होतो मी.

पण थंडीत माझी चार बोटं पांढरी पडतात,
खडूसारखी, पेरापेरानं.
कप गरम आहे हे कपाळाला आधी कळतं,
बोटांना मागाहून.
डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला होता, कंपनं.
त्यात तीस वर्षं मावली
आणि ओळ अर्धी रिकामी राहिली.

"तो डबा उघड परत," मी म्हणालो.
"काका, त्यो बसत न्हाई तुमच्यात."
"उघड रं."

जपानी हातात फिरत होता
आणि फिरतोय हे फक्त डोळ्यांना दिसत होतं.
झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवावा,
तेवढंच काहीतरी.

इम्पॅक्ट रेंच खोडला. चाकाचे नट पान्यानं खोलू.
पन्नास फुटी नळी खोडली. वीस बास.
शेवटी कॉम्प्रेसरही खोडला,
तेव्हा शांतिनाथनं पेन खाली ठेवलं
आणि माझ्याकडं असं पाहिलं
जसं कुणी लगाम घेऊन जातोय, घोडा न घेता.
एक अडॅप्टर त्यानं फुकट टाकला पिशवीत.

रात्री शेडमध्ये डबा उघडला.
सुलूनं मशीनच्या खणातून तेलाची कुपी काढून दिली,
लांब नळीची, तिची.
दोन थेंब.
दुसरा जरा मोठाच पडला, बोटावरून ओघळला.

"चालू कर की," ती म्हणाली.
म्हटलं, हवा नाही अजून.
हवा पुढच्या महिन्यात.